फुलपुडीचा भाव

आमच्या गल्लीतल्या फुलवाल्या आजी गेल्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फळ्यावर मजकूर आला, ‘फुलासारख्या मनाच्या आजींना भावपूर्ण श्रद्धांजली’. लिहिणाऱ्यानं दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आजींना झेंडूचा भाव कधी विचारलेला नसावा. आजी पक्क्या धंदेवाल्या होत्या, आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

डोंबिवलीहून पहाटेची गाडी पकडून त्या दादरच्या फूलबाजारात जायच्या. जुन्नर-पुरंदरकडचा झेंडू, शेवंती; वसईचा मोगरा नि सोनचाफा. पाटीत कोपरापर्यंत हात घालून तळची फुलं आधी वर काढायच्या. वरचा थर बघून भुलणारं गिऱ्हाईक वेगळं, हे व्यापाऱ्याला तोंडावर ऐकवायच्या. परत येऊन माल ओल्या गोणपाटाखाली, आणि आठच्या आत पुड्या दारोदारच्या कड्यांना.

पुडी तशी साधीच. चार तगरी, एक जास्वंद, शेवंती, तुळशीच्या मंजिऱ्या. सोमवारी बेल, मंगळवारी दुर्वा. पण कुठल्या घरात कधी काय लागतं, ते सगळं त्यांच्या डोक्यात. “वैनी, शुक्रवारी तुमच्या सासऱ्यांची तिथी. माका ठेवते.” मी कॅलेंडर उघडून बघायची, तर तिथी खरंच शुक्रवारी! श्राद्धाला पांढरी फुलं नि माका लागतो आणि तो ऐन वेळी मिळत नाही. सगळ्या गल्लीचे पितर आजींनी असे सांभाळले. त्याचे पैसेही चोख घेतले.

दुपारी गजऱ्यांचं काम. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, सुई न घेता, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये गाठ. बोलणं चालूच, नजर रस्त्यावर. स्वतः मात्र कधी गजरा माळला नाही. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, त्या काळी कोण माळू देणार? पण शेजारच्या मावशींचे यजमान वारले, तेव्हा महिनाभरानं आजी त्यांच्या हातात गजरा ठेवून म्हणाल्या, “वासाला काय झालंय? घाला.” मला वाटतं, त्यांनी फुकट दिलेला तेवढा एकच गजरा.

जरबेराशी त्यांचं कधी जमलं नाही. “नुसतं तोंड, वास कुठाय?” पण लग्नसराईत मांडववाले तोच मागतात म्हटल्यावर तोही ठेवू लागल्या. तत्त्व आणि गल्ला यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

2020 च्या टाळेबंदीत लोकल बंद, मग दादर कुठलं? देवळंही मार्चमध्ये बंद झाली ती पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली. आजी आसपासच्या सोसायट्यांच्या वॉचमनना गाठून कुंपणाकडेची तगर, जास्वंद मागून आणायच्या. आमच्याच आवारातली जास्वंद त्यांनी आम्हाला विकली. आम्ही ती मुकाट्यानं घेतली, कारण घरात देव होते आणि खाली उतरायची भीती होती.

आता पाटावर नात बसते. कॉलेज सांभाळून सकाळच्या पुड्या तीच टाकते. क्यूआर कोडचा फलक लावलाय, तिथींची यादी मोबाइलमध्ये भरून घेतलीय. आल्या आल्या तिनं पुडीचा दर वाढवला. मी म्हटलं, “अगं, आम्ही जुनी गिऱ्हाइकं.”

“आजीनं सांगून ठेवलंय,” ती पुडी बांधता बांधता म्हणाली, “जुनी गिऱ्हाइकंच जास्त घासाघीस करतात.”