टंच कुणी सांगायचा?

न्यूझीलंडमधल्या बॉटनी डाउन्सच्या मराठी घरांत बारशाला वाळे, वाटी-चमचा, लग्नाला निरांजन असं चांदीचं देणं अजून टिकून आहे. वस्तू हातात आली की ती पारखायला लोहचुंबक निघतो, बर्फाचा खडा निघतो. या दोन्हींवर विसंबू नये. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे, एवढंच कळतं. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच चिकटत नाही. बर्फ चांदीवर झपाट्याने वितळतो, पण तांब्यावरही जवळपास तितक्याच वेगाने. काळं पडणं ही तर खूणच नव्हे. रोटोरुआच्या गंधकी हवेत चांदीचा मुलामाही काळवंडतो.

घरी करण्याजोगी एक परीक्षा मात्र आहे. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणावा. वस्तू दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही अशी धरावी. १०० ग्रॅमची वाटी चांदीची असेल तर काटा साडेनऊच्या आसपास दाखवेल, जर्मन सिल्व्हरची असेल तर साडेअकराच्या. पोकळ किंवा लाख भरलेल्या वस्तूला हे लागू नाही. परीक्षेसाठी नायट्रिक ॲसिड तर तान्ह्या मुलाच्या घरात आणूच नये.

पण फसवणुकीची खरी जागा टंच, म्हणजे हजार भागांत चांदी किती, ही आहे. ९२५ सांगून ८०० दिलं, तर १०० ग्रॅममागे साडेबारा ग्रॅम चांदी गेली. पाण्यातल्या वजनात मात्र पाव ग्रॅमचाही फरक पडत नाही. ही चोरी घरच्या काट्यावर सापडत नाही. तिथे हॉलमार्कचा छापच हवा. न्यूझीलंडमध्ये हॉलमार्कची सक्ती नाही. भारतात सोन्याला जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली. चांदीचं हॉलमार्किंग २००५पासून आहे, १ सप्टेंबर २०२५ला तिला एचयूआयडी हा ओळखक्रमांकही मिळाला, तरी तेव्हाही ते ऐच्छिकच ठेवलं. सोनं न परवडणारा चांदी घेतो. त्याच्याच वाट्याला कमी संरक्षण यावं, हा अन्याय आहे. चांदीलाही सक्ती हवी.

तोवर पावतीवर नुसतं 'सिल्व्हर' चालवून घेऊ नये; ९२५ की ८००, हे वजनासह आकड्यांत लिहून घ्यावं. १९८६च्या फेअर ट्रेडिंग ॲक्टनुसार न्यूझीलंडमधल्या दुकानदाराला मालाबद्दल खोटा दावा करता येत नाही, आणि दावा कागदावर असला की दाद मागता येते.