आकडे जुळले म्हणजे गाणी जुळली?

दोन गाणी बेमालूम जोडायची, तर लय आणि पट्टी जुळावी लागते. संगणक आता दोन्ही आकड्यांत सांगतो. डीजे मंडळींच्या 'कॅमलॉट' चक्रात ए मेजर म्हणजे ११बी. शेजारचे १०बी (डी मेजर) नि १२बी (ई मेजर) त्याच्याशी जुळतात. नियम खरा आहे.

पण एल्व्हिस प्रेस्लेचे 'दॅट्स ऑल राइट' घ्या. पट्टी ए मेजर. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रित झालेल्या या रॉकबिली गाण्यात ड्रम नाहीतच! बिल ब्लॅकने डबल बासच्या तारांवर चापट्या मारून ठेका धरला. ध्वनिमुद्रिका सहा टक्के जलद फिरवली, की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. संगणक पट्टी न हलवता लय ताणतो. पण त्या चापट्यांचा डौल कोणत्या आकड्यात मावेल?

माझे वडील शाळेत गेले नाहीत. भजनात ते पेटीवाल्याला सांगतात, "पट्टी उतरव, बुवांचा घसा बसलाय." आकडा नव्हे, माणूस पाहून!

मित्रहो, घरातला पहिला कॉलेजकुमार म्हणून आकडे मी शिकणारच. मात्र कोणते गाणे कशात मिसळावे, किंवा मिसळूच नये, हे कानानेच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.