नेरुळला दरवर्षी कसोटी का नको?

शुक्रवार, १५ डिसेंबर २०२३. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांमधल्या कसोटीचा दुसरा दिवस. सकाळी भारताच्या उरलेल्या तीन विकेट गेल्या, मग इंग्लंडचा अख्खा डाव गडगडला आणि संध्याकाळपर्यंत भारताच्या दुसऱ्या डावातल्याही सहा जणी तंबूत परतल्या. एका दिवसात १९ विकेट! महिलांची कसोटी म्हणजे रटाळ खेळ आणि शेवटी अनिर्णित सामना, असे ठामपणे सांगणाऱ्यांची त्या दिवशी चांगलीच पंचाईत झाली असणार.

आदल्या दिवशीचा रंग वेगळाच होता. भारताने दिवसभरात ७ बाद ४१० अशी मजल मारली. शुभा सतीशने पदार्पणातच ६९ धावा काढल्या, पदार्पण करणाऱ्या मुंबईकर जेमिमा रॉड्रिग्जने ६८. यास्तिका भाटियाने ६६ केल्या. कर्णधार हरमनप्रीत कौरचे अर्धशतक मात्र एका धावेने हुकले, तेही विचित्र पद्धतीने. क्रीजमध्ये परतताना तिची बॅट जमिनीत रुतली आणि ती ४९ वर धावचीत झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिचा घात असाच झाला होता.

दुसऱ्या दिवशीची खरी नायिका दीप्ती शर्मा. आधी बॅट घेऊन ६७ धावा, मग ऑफस्पिनची करामत. ५.३ षटके, त्यातली ४ निर्धाव, ७ धावा आणि ५ बळी. नॅट सिव्हर-ब्रंट ५९ धावांपर्यंत झुंजली, पण दीप्तीने तिचाही त्रिफळा उडवला. बाकी इंग्लंडची दाणादाण उडाली. भारताच्या ४२८ ला उत्तर फक्त १३६. हातात २९२ धावांची आघाडी असूनही हरमनप्रीतने फॉलोऑन दिला नाही. ६ बाद १८६ वर डाव सोडून तिने इंग्लंडपुढे ४७९ धावांचे आव्हान ठेवले. शनिवारी सकाळी २७.३ षटकांत इंग्लंडचा १३१ धावांत खुर्दा झाला. विजय ३४७ धावांचा. धावांच्या हिशेबात महिला कसोटीत तोवर एवढा मोठा विजय कोणालाच मिळाला नव्हता. शनिवार-रविवारची सुट्टी साधून नेरुळ गाठायचा बेत ज्यांनी आखला होता, त्यांचा मात्र हिरमोड झाला. जेवणाच्या सुट्टीआधीच सामना खलास!

या सामन्याकडे नुसता विक्रम म्हणून पाहू नये. इंग्लंडविरुद्ध भारतीय महिलांनी याआधी दोनच कसोटी जिंकल्या होत्या, २००६ मध्ये टॉन्टनला आणि २०१४ मध्ये वर्म्सलीला. दोन्ही इंग्लंडमध्ये. मायदेशात तर १९९५ साली जमशेदपूरला इंग्लंडने अवघ्या दोन धावांनी सामना हिसकावून नेला होता. घरच्या मैदानावर इंग्लंडला धूळ चारायची राहिली होती, ती चारली गेली नेरुळला. याच मैदानावर २००९ मध्ये पुरुषांचा भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना ठरला होता. पावसाने एक चेंडूही पडू दिला नाही. नवी मुंबईला कसोटी दाखवण्याचा पहिला मान मिळाला तो महिला क्रिकेटला.

पण हा मान मिळायला वाट किती पाहावी लागली? २०१४ मधल्या म्हैसूरच्या सामन्यानंतर भारतात महिलांची एकही कसोटी झाली नव्हती. २०१४ मध्ये पदार्पण केलेल्या हरमनप्रीतची नेरुळची कसोटी जेमतेम चौथी. जेमिमा २०१८ पासून भारताकडून खेळत होती, तिला कसोटीची टोपी मिळाली ती इथे. मिताली राजची कारकीर्द वीस वर्षांहून अधिक चालली, कसोटी मात्र १२. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी १९७६ ते १९९१ दरम्यान १९ कसोटी खेळल्या, डायना एडलजी २०. तेव्हा ना पैसा होता, ना प्रक्षेपण. म्हणजे खेळ श्रीमंत झाला आणि कसोट्या घटल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे केले. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. निर्णय स्वागतार्हच होता. पण भारतीय महिला २०२३ मध्ये दोन कसोटी खेळल्या, २०२४ मध्ये एक आणि विश्वविजयाच्या २०२५ मध्ये एकही नाही. १५ लाखांचा सामनाच होणार नसेल, तर ही समानता म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

कसोटीला गर्दी होत नाही, जाहिराती मिळत नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. टी-ट्वेंटीतून पैसा येतो आणि त्या पैशावर मुलींची पुढची पिढी उभी राहते, हेही मान्य. पण गर्दी सवयीने होते आणि सवय लागायला सामने लागतात. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हेच स्टेडियम खच्चून भरले होते. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटली तरी लोक जागचे हलले नव्हते. त्या अंतिम सामन्यात पाच बळी घेणारी पुन्हा दीप्तीच. त्याआधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिसऱ्या क्रमांकावर येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिलेली, १२७ धावा काढणारी जेमिमाही इथेच खेळली. या दोघींचा कसोटीतला खेळ पाहायला त्या गर्दीतला एक हिस्सा आला, तरी सुरुवात होईल.

सामने नीरस होतात ही तक्रारही आता टिकत नाही. नेरुळपाठोपाठ वानखेडेवर भारताने ऑस्ट्रेलियाला आठ विकेटनी हरवले. महिला कसोटीत ऑस्ट्रेलियावर भारताचा तो पहिलाच विजय. २०२४ मध्ये चेन्नईत शफाली वर्माने द्विशतक ठोकले, भारताने ६ बाद ६०३ वर डाव घोषित केला आणि दक्षिण आफ्रिकेला दहा विकेटनी नमवले. तीन सामने, तिन्ही निकाली.

तयारी खालूनही हवी. बीसीसीआयने २०२४ मध्ये पुण्यात महिलांची अनेक दिवसांची आंतरविभागीय स्पर्धा पुन्हा सुरू केली आणि अंतिम सामन्यात पूर्व विभागाने दक्षिण विभागाला एका विकेटने हरवले. अशी स्पर्धा वर्षातून एकदा उरकण्यापुरती राहू नये. लाल चेंडूने खेळायची संधी राज्यांच्या संघांनाही मिळायला हवी.

इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला की एकट्यादुकट्या कसोटीऐवजी किमान तीन कसोट्यांची मालिका व्हावी. त्यातली एक दर डिसेंबरात नेरुळला ठरवून टाकावी, म्हणजे नवी मुंबईकरांना रजेचे गणित आधीच मांडता येईल. शाळांच्या मुलींना स्टँड मोकळे ठेवावेत. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला २०२३ मध्ये ट्रेंट ब्रिजला पाच दिवसांची कसोटी खेळल्या, तसा पाचवा दिवस इथेही द्यावा. आणि सामना गुरुवारी नव्हे, शुक्रवारी सुरू करावा. दीप्ती पुन्हा फॉर्मात आली, तरी निदान शनिवारचा खेळ लोकांच्या पदरात पडेल.