औषधांचा दुष्काळ

दुष्काळाचे आपल्या मराठवाड्याला नवल नाही. १९७२ सालच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. पाऊस नाही म्हणून धान्य नाही, हे समजू शकते. पण औषध कोणत्या पावसावाचून अडते?

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी माणसे या शहरातून त्या शहरात धावत होती. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्यातले, तरी टंचाई चुकली नाही. कारण प्रश्न व्यक्तीचा नव्हताच. पहिली लाट ओसरली, मागणी घटली, कंपन्यांनी उत्पादन आवरते घेतले. लाट परतल्यावर कुप्या रातोरात कशा येणार? इंजेक्शनच्या निर्जंतुकतेच्या चाचणीलाच चौदा दिवस लागतात. ११ एप्रिलला केंद्राने निर्यात थांबवली, तोवर दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. (हे औषध वापरू नये असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता! असो.)

जालना ही बियाण्यांची नगरी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली. जूनमध्ये पेरायचे बी मे महिन्यात कोणी तयार करू लागत नाही. ते आधीच्या हंगामात पिकवून ठेवावे लागते, आणि थोडे उरले तर उरू द्यावे लागते. बियाण्याच्या बाबतीत जे आपल्या शेतकऱ्यालाही कळते, ते औषधाच्या बाबतीत का वळत नाही?

माझ्या मते याचे कारण भीती. भांडारात औषधाची मुदत संपली, की लेखापरीक्षणात अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. कपाट रिकामे राहिले तर मात्र कोणी विचारीत नाही. रुग्णाच्या हाती चिठ्ठी दिली की काम संपले. माझे वडील रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घेतात. घरात लिहिता-वाचता येणारा मी पहिलाच, म्हणून ती ‘बाहेरून घ्या’ची चिठ्ठी माझ्याकडे येते, आणि त्या दिवशीची मजुरी औषधाच्या दुकानात जाते. हे तर साथ नसतानाचे!

‘जादा साठा म्हणजे पैसा सडवणे’ असे काही जण म्हणतील. पण साठा नुसता रचून ठेवायचा नसतो. जुना माल आधी काढावा, नवा मागे लावावा, हे कोणताही किराणा दुकानदार जाणतो. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपवली, मग २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण आणले. खरेदी कोणी करायची यावर इतका खल झाला. जिल्ह्याच्या भांडारात किती महिन्यांची औषधे असावीत, यावर किती झाला?

कच्चा माल चीनमधून येतो वगैरे प्रश्न दिल्लीने सोडवावेत. मला जिल्ह्यापुरतेच मागायचे आहे. नेहमीच्या औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा येथे फिरता राहावा, आणि नियमाने फिरवूनही थोडी औषधे बाद झाली तर अधिकाऱ्याला दोष देऊ नये. स्वस्त धान्य दुकानाबाहेर साठ्याचा फलक लागतो. तसाच ग्रामीण रुग्णालयाच्या दारात लागावा: कोणते औषध, किती शिल्लक, पुढचे कधी येणार. तो वाचून दाखवायला आता गावोगाव आमच्यासारखी मुले आहेत.