दुष्काळात घडवलेला दगड कोणाच्या मालकीचा?

उन्हाळ्याच्या अखेरीस उजनीचे पाणी ओसरू लागले म्हणजे भिगवण परिसरातील माणसे जलाशयाच्या काठावर जाऊन उभी राहतात. पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर पाण्यातून वर येते, बुडालेल्या गावठाणांच्या भिंतींचे पाये उघडे पडतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवू लागतात: इथे चावडी होती, तिथे शाळा होती. १९८० साली धरण पूर्ण झाले. त्या पाण्याने सोलापूरपर्यंतची तहान भागली, रान हिरवे झाले, हे खरे. तो त्याग व्यर्थ गेला असे कोणी म्हणू नये. परंतु गावे उठली तेव्हा जमिनींची मोजदाद झाली, घरांची झाली, झाडांचीही झाली. गावाच्या सामायिक वास्तूंचा हिशेब मात्र नुकसानभरपाईच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नाही, असे सरकारी कागद मानतो. प्रस्तुत लेखाचा वाद या समजुतीशी आहे.

भिगवणजवळच डिकसळचा जुना दगडी पूल आहे. पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ साली डिकसळपर्यंत आली आणि पुढल्याच वर्षी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचली. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग दुसरीकडे वळला. रेल्वेने टाकून दिलेल्या पुलावरून इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतील माणसे, ऊस आणि मासळी दशकानुदशके ये-जा करीत राहिली. हा पूल थकला आहे, शेजारी नवा पूल हवाच, याविषयी दुमत नाही. पण नवा उभा राहिला की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. तो आज कोणी विचारला नाही, तर उद्या त्याचे उत्तर दगड विकत घेणारा ठेकेदार देईल.

डिकसळचा प्रश्न एकट्या डिकसळचा नाही. साऱ्या महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीत उभ्या राहिलेल्या कचेऱ्या, मंडया, दवाखाने, शाळा, पाटबंधारे खात्याचे बंगले आणि रेल्वेची स्थानके आज ‘पुनर्विकास’ या गोंडस शब्दाच्या छायेत उभी आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने सार्वजनिक मालमत्तेतून चार वर्षांत सहा लाख कोटी रुपये उभे करण्याची योजना जाहीर केली. तिच्या यादीत ४०० रेल्वे स्थानके होती. मालकी सरकारचीच राहील, असे तेव्हा सांगण्यात आले. परंतु दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जागा एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की मालकी उताऱ्यावर राहते आणि उपभोग कराराकडे जातो. या मुलखाला हे शिकवण्याची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती याच अनुभवातून: जमीन कसणारा एक, आणि तिच्यावर हक्क सांगणारा कागद दुसऱ्याच्या पेटीत.

या वास्तूंचा कैवार घेतला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘ही गुलामीची चिन्हे आहेत; स्वतंत्र देशाने ती का जपावीत?’ आक्षेप देशाभिमानी वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

या इमारती कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या? विलायतेहून थैल्या आल्या नव्हत्या. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची जी मोजणी पुढे सर्वत्र पसरली, तिचा आरंभ गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच केला. साहेबाची साखळी पहिल्यांदा आपल्या शिवारावर पडली. त्या साऱ्यातून, जकातीतून आणि मिठावरच्या करातून खजिना भरला, आणि त्या खजिन्यातून कचेऱ्या आणि बंगले बांधले गेले.

आणि त्या कोणाच्या हातांनी उभ्या राहिल्या? १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आठवावा. भादलवाडी आणि शिर्सुफळ येथील तलाव दुष्काळी कामांतून उभे राहिले. बारामती-इंदापूरला पुढे ज्याने पाणी दिले त्या नीरा डाव्या कालव्याची सुरुवातही त्याच उपासमारीत झाली. सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुराचे रोजचे धान्य एका पौंडावर, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमवर, आणले. त्यावर १८७७ च्या जानेवारीत दख्खनमधल्या दुष्काळी कामांवरील हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोटात अन्न नसताना केलेला तो संप आपल्या श्रमिक चळवळीच्या पूर्वपीठिकेतील एक तेजस्वी प्रसंग आहे. ज्यांनी अर्धपोटी राहून हा दगड फोडला, वाहिला आणि रचला, त्यांच्या वारसांना आज ‘ही साहेबाची निशाणी आहे, पाडू द्या’ असे सांगणे म्हणजे त्या मजुराला दुसऱ्यांदा उपाशी ठेवणे होय. साहेबाने फार तर कोनशिलेवर आपले नाव कोरले.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात भव्य मंडई उभारण्याच्या खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोध डावलून मंडई उभी राहिली, १८८६ मध्ये खुली झाली, आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. मग आम्ही ज्या वास्तूंची बाजू घेतो, त्या महात्म्यालाच नको होत्या असे कोणी म्हणेल.

महापुरुषाच्या तोंडी आपण सोयीचे शब्द घालू नयेत. पण त्यांचा प्रश्न स्पष्ट होता: लोकांचा पैसा कोणासाठी खर्च होतो? तोच प्रश्न आज विचारून पाहावा. पैसा खर्च होऊन गेला. अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरलेल्या त्या मंडईत पिढ्यान्‌पिढ्या भाजीवाल्या बायकांनी आपले संसार चालवले. अशी जागा आता मोडून तिच्यावर वातानुकूलित दुकानांचे मजले चढवले, तर तो खर्च कोणासाठी होईल? बांधण्यास विरोध करणारा प्रश्न आणि विकण्यास विरोध करणारा प्रश्न हा एकच आहे.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली पूर्ण झाले. ज्याचे नाव त्याला मिळाले तो आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर असताना त्याच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले आणि १८८८ च्या त्या प्रकरणात त्याची नोकरी गेली. असल्या माणसाचे नाव बाजारावर कशाला? म्हणून स्वातंत्र्यानंतर त्या मंडईलाही महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले. गुलामीची खूण पुसावी ती अशी! नाव बदलले, मालक बदलला, बाजार चालू राहिला. एक वीटही पाडावी लागली नाही. चालू शतकाच्या पहिल्या दशकात याच मंडईच्या परिसराचा खासगी विकासकाकरवी पुनर्विकास करण्याचा घाट घालण्यात आला. वास्तुतज्ज्ञांनी आणि जागरूक नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रस्ताव बारगळला, आणि नंतर महापालिकेने स्वतः मुख्य इमारतीची दुरुस्ती केली. लढा देता येतो आणि तो जिंकताही येतो.

दुसरा आक्षेप असतो तो ‘इमारत जीर्ण झाली आहे’ हा. जीर्ण कशी झाली, हे मात्र कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी चार कौले फुटतात; पन्नास रुपयांचे काम पाच वर्षे मंजुरीच्या वाटेवर पडून राहते. पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरते, तुळईचे टोक कुजते, भेगेत पिंपळ रुजतो. मग कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो. चुन्यातून बाहेर पडणारी ओल आत कोंडते आणि दगड भुसभुशीत होतो. अखेर ज्या खात्याने कौल बदलले नाही, तेच खाते दारावर ‘धोकादायक’ अशी पाटी लावते. ही जीर्णता काळाने आणलेली नसते. ती वर्षानुवर्षे टिपणी लिहून, सही रोखून जोपासलेली असते. आणि पाटी लागताच विकासक नकाशा घेऊन दारात हजर असतो, हा योगायोग किती वेळा घडावा?

तिसरा आक्षेप आम्हांला अधिक गंभीर वाटतो: ‘माणसांना राहायला घरे नाहीत, आणि तुम्ही दगडांचे कौतुक करता.’ हा आक्षेप दाराबाहेर ठेवणारा समाजवादी नव्हे. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खी कुटुंबे तीन-तीन पिढ्या राहिली. त्या रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल, तर ‘चाळ ऐतिहासिक आहे, तुम्ही कोंदटच राहा’ असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आमचा निकष साधा आहे. जागेवर आधीपासून असलेल्या श्रमिकाला काय मिळते? जमीन सार्वजनिक राहते की नाही? आणि लोकांचा वापर वाढतो की आटतो? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तेथे बदलाला आमचा पाठिंबा राहील. नसतील तेथे गरिबाचे नाव घेऊन श्रीमंताचा मजला चढवला जात आहे, असे समजावे.

ही शंका अनाठायी नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे करून एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरबांधणीला आणि एक मालकाला, असे १९९१ च्या नियमात ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती आणली. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम होते ती हिशेबातून गळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. १९८२ च्या संपात होरपळलेल्या कामगाराच्या आणि शहराच्या वाट्याला चतकोर आला. उरलेल्यावर मनोरे उभे राहिले. काही ठिकाणी धुराडे तेवढे शोभेला ठेवले. अशा ‘जतना’चे आम्हांला अप्रूप नाही.

आता कायद्याकडे पाहू. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ साली स्वतंत्र नियम झाले. २०१८ साली तेथील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा आनंद शहराची हद्द संपली की संपतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याचे छत्र ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या’ स्मारकांवर; तालुक्याच्या कचेरीला किंवा कालव्यावरच्या बंगल्याला तेथे कोण विचारतो? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. पण जेथे आराखडाच नाही तेथे तरतूद कशात करणार? म्हणजे श्रीमंत शहराचा वारसा हा वारसा, आणि ज्या खेड्यांच्या साऱ्यावर ते शहर सजले त्यांचा वारसा तो राडारोडा!

मग करायचे काय? कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरात, बांधकाम कामगारांच्या संघटनेने जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली एक अपूर्व निर्णय घेतला: जी वस्ती, जी वास्तू लोकांना हवी आहे, ती पाडण्यासाठी आमचा एकही सभासद हातोडा उचलणार नाही. सिडनीची ‘रॉक्स’ ही जुनी कष्टकऱ्यांची वस्ती त्यामुळे वाचली. इमारत वाचवणे ही सुखवस्तू रसिकांची करमणूक आहे असे म्हणणाऱ्यांना त्या गवंड्यांनी कायमचे उत्तर दिले आहे.

भिगवण, इंदापूर, बारामती येथील कार्यकर्त्यांनी आपल्या भागात तीन गोष्टी हाती घ्याव्यात. एक, प्रत्येक गावातील शंभर वर्षांपूर्वीच्या सार्वजनिक वास्तूंची यादी स्वतः करावी: पूल, विहिरी, शाळा, दवाखाने, कालव्यावरचे बंगले, सोबत जमिनीचा उतारा जोडावा, म्हणजे मालकीचा वाद कागदावरच अडवता येईल. दोन, ‘यांपैकी कोणतीही जागा ग्रामसभेला विचारल्याशिवाय विकली, भाड्याने दिली वा पाडली जाणार नाही’ असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, त्या वास्तू वापरात आणाव्यात. जुन्या बंगल्यात वाचनालय निघावे, मुलींसाठी अभ्यासिका निघावी; डिकसळचा पूल नव्या पुलानंतर पायी चालणाऱ्यांचा आणि मच्छीमारांचा व्हावा. रिकामी इमारत फार काळ सार्वजनिक राहत नाही. जेथे रोज पन्नास मुले अभ्यासाला बसतात, तेथे ‘धोकादायक’ची पाटी लावण्यापूर्वी अधिकाऱ्याला कौले बदलावी लागतात.

उजनीच्या पाण्यात गावे गेली तेव्हा माणसांनी डोळे पुसले आणि ती वर चढून नव्या गावठाणात आली. कारण पाणी सर्वांसाठी होते. आता जे बुडवायला निघाले आहेत त्यांच्या हाती पाणी नाही, करारपत्र आहे, आणि ते सर्वांसाठी नाही. दुष्काळात एका पौंडाच्या शिध्यावर हातोडा खाली ठेवणाऱ्या मजुरांचे आपण वारस आहोत. त्यांनी रचलेल्या भिंतीवर हातोडा उचलला जाईल तेव्हा आपण कोठे उभे असू, याचे उत्तर प्रत्येकाने आजच देऊन ठेवावे.