मायचा फोटो कोण काढणार?

गेल्या उन्हाळ्यात आमगावकडच्या एका गावी तेरवीला गेले होते. पाटावर हार घातलेला फोटो होता. जवळ जाऊन पाहिलं आणि पोटात कालवलं. आधार कार्डावरचा तो इवलासा चेहरा मोठा करून फ्रेममध्ये बसवलेला! धूसर, रंग उडालेला, डोळे अर्धवट मिटलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी करून लेकरं वाढवणाऱ्या बाईची एवढीच काय ती आठवण. लेक रडत म्हणाली, "मायचा एक चांगला फोटो नाही काढला जी आम्ही. अन् घरात मोबाइल तीन."

घरी आल्यावरही ते 'मोबाइल तीन' डोक्यातून जाईना. फोटो काढणं आज इतकं सोपं झालंय, की फोटो काढायचा राहूनच जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये जिकडेतिकडे साडीतल्या फोटोंची लाट आली होती, आठवतं? आपला फोटो द्यायचा आणि कॉम्प्युटरने त्याला जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखी साडी नेसवून परत द्यायचा. कॉलेजच्या पोरींपासून माझ्या वयाच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी हौस भागवली. पण घरातल्या सासूचा, आजीचा खराखुरा फोटो मात्र कोणी काढला नाही.

मग फोटो स्टुडिओवाल्यांचं काय होणार? मोबाइलने त्यांचा धंदा बसवला, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रोल धुणं गेलं, सहज काढून घ्यायचे फोटो गेले. पण लग्नाचं काम वाढलं. प्री-वेडिंग, ड्रोन, मोठाले अल्बम यांचं खूळ आता खेड्यापर्यंत पोचलंय. शिवाय कागदपत्रांचं काम आहेच. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले, तेव्हा फोटोसाठी बायकांनी किती धावपळ केली ते आपण पाहिलंच आहे. म्हणजे काम आहे. फक्त ते करणाऱ्यांत बायका दिसत नाहीत.

खरं तर या धंद्यात बाईची गरज आजची नाही. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये तिथे खास बायकांसाठी 'जनाना स्टुडिओ' काढला होता आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला होता. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार नाहीत, हे त्या धंदेवाईक माणसाने ओळखलं होतं. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

आणि आज? हळद, डोहाळेजेवण, बारसं हे सगळे बायकांचे कार्यक्रम. तिथे फोटोवाला आला की बायका पदर सावरत बसतात, मोकळं हसत नाहीत. कॅमेरा बाईच्या हातात असेल तर चित्रच पालटेल. हेच आपलं भांडवल आहे, मैत्रिणींनो.

शिकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँकांमार्फत चालतात. त्यांच्या प्रशिक्षणांच्या यादीत फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीही असते आणि शिकायला पैसे पडत नाहीत. आपल्या भागातला वर्ग कधी आहे, ते बँकेत जाऊन विचारायचं. भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशू' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. त्यात जुना पण चांगला कॅमेरा बसू शकतो. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण तिच्या अठरा व्यवसायांत फोटोग्राफी नाही. उगाच खेटे घालू नका.

धंदा म्हटला की हिशेब आला. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पावसाळा लागला की थांबतात. चार महिने हात रिकामे. तेव्हा हंगामातला पैसा साड्या-दागिन्यांत घालवला तर हप्ता थकलाच म्हणून समजा. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही. 'घरचंच लग्न आहे' म्हणणाऱ्या पाहुण्यांना तर मुळीच नाही! बाईने पैसे मागितले की लोकांना ते भांडण वाटतं. वाटू द्यावं.

पण कॅमेऱ्याहून मोठी पुंजी म्हणजे विश्वास. फोटो पळवून त्यांचं काहीही करता येण्याचा हा काळ आहे. पोरीबाळींचे फोटो फोटोवाल्याकडे राहतात, ते न विचारता जाहिरातीत लावले जातात, याची धास्ती प्रत्येक आईला असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार बाईच्या खासगी क्षणांचे फोटो चोरून काढणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? 'विचारल्याशिवाय तुमचा फोटो कुठेही लावणार नाही' अशी पाटी जी बाई दुकानात लावेल आणि पाळेल, तिच्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन येईल.

आता देण्याबद्दल. सुधारक ओलवे हे आपल्या महाराष्ट्राचे छायाचित्रकार. वृत्तपत्रांत काम करता करता त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. गटारात उतरणारा माणूस ज्यांना कधी दिसलाच नव्हता, त्यांना तो त्यांच्या फोटोंनी दाखवला. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टही त्यांनी उभा केला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पोटाचा धंदा आणि समाजाचं देणं एकाच कॅमेऱ्यातून साधलं.

आपल्याला तेवढं मोठं काही करायला नको. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, पुण्या-नागपूरला कामाला गेलेली पोरं येतात, रात्री दंडार असते. वर्षातून एकदाच अख्खं घर एका छपराखाली असतं. त्या दिवशी फोटोवालीने एक पांढरी चादर बांधावी, खुर्ची ठेवावी आणि साठीपुढच्या प्रत्येक बाईचा एक फोटो फुकट काढून छापून द्यावा. कागदाचा खर्च बचत गटाने उचलावा. आमच्या गटात मी हा विषय काढला, तेव्हा एक जण म्हणाली, "फुकट दिलं तर धंदा कसा होईल?" तिला म्हटलं, ज्या घरात सासूचा फोटो भिंतीवर लागेल, त्या घरातलं पुढचं लग्न कोणाकडे जाईल, सांग बरं?

हिशेब तिला पटला. मला मात्र तेरवीतला तो धूसर चेहरा आठवत होता. येत्या मंडईपर्यंत आपल्या गावात एखादी फोटोवाली तयार होईल तेव्हा होईल. तोवर निदान आज घरातल्या मायला उजेडात बसवा, केस नीट करून द्या, मनासारखं लुगडं नेसू द्या आणि फोटो काढा. आणि तो मोबाइलमध्येच ठेवू नका. छापून भिंतीवर लावा, ती स्वतः पाहील तेव्हाच.