खेळ काढला, पण खुणा राहिल्या

मटक्याचा आकडा लावणारा माणूस संध्याकाळी चिठ्ठी फाडून गटारात टाकी आणि काही झालेच नाही अशा तोंडाने घरी येई. बायकोला पत्ता लागे तो पगाराच्या दिवशी, पाकीट हलके लागल्यावर. आता तोच जुगार संगणकावर आणि मोबाईलवर आला आहे. इथे चिठ्ठी फाडता येत नाही. कॅसिनोचे चित्र पडद्यावरून काढून टाकले तरी त्याच्या खुणा यंत्रात मागे राहतात. या खुणा कसल्या, त्या कोणाच्या कामाच्या आणि घरच्यांनी त्यांचे काय करावे, हे आज आम्ही या सदरातून सांगणार आहोत. संगणक आता आपल्याही वस्तीत आला आहे. कोणी हप्त्यांवर घेतला, कुठे विहाराच्या अभ्यासिकेत जुनी दोन यंत्रे आहेत. एका यंत्रावर दहा मुले बसतात. म्हणून हे माहीत असलेले बरे.

पहिली खूण कुकीची. नाव बिस्किटाचे असले तरी ही मजकुराची लहानशी नोंद असते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तंत्रज्ञाने ती काढली. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे ओळखता यावे एवढाच तिचा हेतू होता. पुढे जाहिरातवाल्यांनी तिचा उपयोग माणसाच्या मागावर राहण्यासाठी केला. ऑनलाइन जुगाराच्या धंद्यात गिऱ्हाईक आणून देणारे दलाल असतात. कोणत्या दलालाकडून गिऱ्हाईक आले, याची नोंद अशा कुकीवरून होते आणि त्याला दलाली मिळते. पुष्कळदा ही दलाली गिऱ्हाईक जेवढे हरेल त्याच्या टक्क्यांवर ठरलेली असते. बांधवांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. 'या लिंकवरून खेळ, नशीब उघडेल' असे सांगणारा तुमच्या हरण्यावर पोट भरत असतो.

दुसरी खूण रजिस्ट्रीतली. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा हजेरीपट म्हणा ना. विंडोज ९५ पासून बहुतेक प्रोग्रॅम आपले नाव, ठिकाण आणि आवडीनिवडी त्यात नोंदवू लागले. यंत्र सुरू होताच मलाही सुरू कर, अशी सूचनाही काही प्रोग्रॅम तिथे लिहून ठेवतात. कॅसिनोचा प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या काही नोंदी पुष्कळदा तशाच राहतात. कामगार गिरणी सोडून गेला तरी नाव पटावर राहावे, तसे.

तिसरी खूण निरोपाची. एखाद्या साइटने 'सूचना पाठवू का?' असे विचारले आणि घाईत 'हो' दाबले, की ती परवानगी राहून जाते. मोबाईलमध्ये विंडोजची रजिस्ट्री नसते, पण ही परवानगी तिथेही असते. आम्हाला सर्वांत घातक वाटते ती हीच. ज्याने महत्प्रयासाने जुगार सोडला, त्याच्या हातातल्या यंत्रावर पगाराच्या संध्याकाळी 'तुमच्यासाठी बक्षीस ठेवले आहे' असा निरोप झळकला तर त्याचे काय होईल?

इथे आईवडिलांना कळकळीने एक सांगावेसे वाटते. यंत्रात कॅसिनोची खूण सापडली म्हणून मुलावर हात उगारू नका. कॅसिनोची जाहिरात दुसऱ्याच साइटवर नुसती दिसली तरी कुकी येऊ शकते. २००० सालाच्या आसपास तर फुकटच्या प्रोग्रॅमांसोबत कॅसिनोची चित्रे न विचारता यंत्रात येऊन बसत; स्पायबॉट आणि अ‍ॅड-अवेअर ही साधने अशाच घुसखोरांना हुडकण्यासाठी निघाली. शिवाय ज्या यंत्रावर दहा जण बसतात, तिथली खूण नक्की कोणाची? दारात कोणी येऊन गेले एवढेच कुकी सांगते. दार कोणी उघडले ते सांगत नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला सांगितले होते. तो उपदेश घरातही पाळू या. खरा दाखला पाहायचा तर बँकेच्या पासबुकात आणि मोबाईलवरील पैशांच्या व्यवहारांत पाहा, आणि मुलाला शेजारी बसवून शांतपणे विचारा.

आता सफाईचे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी असते, तिथून नको तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीत त्याचे नाव असेल तर ते बंद करा. ब्राउझरमधील कुकी पुसा. नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी साइटची परवानगी काढा. विंडोजचे स्वतःचे सुरक्षा साधन चालवून पूर्ण तपासणी करा. मोबाईलवर आपोआप पैसे कापण्याची मंजुरी दिलेली असेल तर तीही रद्द करा.

रजिस्ट्रीला मात्र स्वतः हात लावू नका. चुकीची नोंद पुसली गेली तर यंत्रच सुरू न होण्याचा धोका असतो. 'रजिस्ट्री साफ करून देतो' म्हणणारे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाहीत. ज्या नोंदीमागचा प्रोग्रॅम निघून गेला, ती पडून राहिली तरी सहसा काही बिघडत नाही. तिच्या नावाने घाबरवून कोणी पैसे मागू लागला तर तो ठग समजा.

कायदाही आता बदलला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात आहे. खेळात अडकलेल्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. मन सावरत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, जवळचे धन संपते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र आणि सोबती तुच्छ मानतात, आणि बायकोला काय पोसणार म्हणून कोणी मुलगी देत नाही. या सहा खुणा कुठल्याही बटणाने पुसता येत नाहीत. त्या पुसायला वर्षे लागतात आणि घरच्यांची साथ लागते.

येत्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर अभ्यासिकेतील यंत्रांपुढे जाणत्या मुलामुलींना बसवा आणि वर सांगितलेली सफाई सर्वांदेखत करून घ्या. ती झाली की आपापला मोबाईलही बाहेर काढा. आणि वस्तीत कोणी जुगार सोडून परत कामाला लागला असेल, तर त्याला मागचे टोमणे न मारता आपल्या पंगतीत बसवा.

जयभीम!